गल्लीकडची भिंत

त्या गल्लीत त्यांना नावाने फारसं कुणी ओळखत नसे. कोपऱ्यावरून वळताना दिसले की लोक हळूच म्हणत, "विरोधी पक्ष आला." हे त्यांच्याही कानावर होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. पट्ट्यावरून सरकत येणारी बाटली उजेडासमोर धरायची, बुडबुडा दिसला की बाजूला, तडा दिसला की बाजूला. नोकरी संपली पण सवय गेली नाही. आता ते रस्त्याचे दिवे, कचऱ्याची गाडी, अर्थमंत्र्यांचं भाषण, सगळंच उजेडासमोर धरून बघत आणि बाजूला काढत.

घरात तीन माणसं होती. ते, बायको आणि थोरली बहीण. बहिणीला सगळे अक्का म्हणत. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, आणि न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडल्यापासून मागच्या खोलीतल्या पलंगावर होती. चार पायांची काठी धरून भिंतीपर्यंत जायची आणि परत यायची, एवढाच तिचा प्रवास. डोकं मात्र ठणठणीत. अक्का सरकारच्या बाजूची होती, कट्टर. सकाळी पेपर आला की मागच्या खोलीतून आवाज यायचा, "बाळ्या, वाचलंस का रे? तुझे लोक सत्तेत होते तेव्हा त्यांनी काय दिवे लावले ते सांग एकदा!" आणि साठी उलटलेला बाळ्या पुढच्या खोलीतून गर्जायचा. मधल्या खोलीत बायको शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवत बसलेली असे. दोन्ही बाजूंच्या तोफा तिच्या डोक्यावरून जायच्या. घर उभं राहिलं ते त्यांच्या जादा पाळ्यांवर आणि तिच्या त्या यंत्रावर. पण मत म्हणून तिला कधी कुणी विचारलं नव्हतं.

नगरसेवकाला सगळे भाऊ म्हणत. त्याच्याशी त्यांचं वाजलं ते गल्ली रुंद करायच्या भानगडीत. घरालगतची कपडे वाळत घालायची पट्टी पालिकेला हवी होती. भर सभेत ते उठून म्हणाले, "घर आहे माझं, तुमचं पोस्टर नाही, आज इथून काढलं आणि उद्या तिकडे चिकटवलं!" लोक हसले. नगरसेवकही हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. त्यानंतर कचऱ्याची गाडी त्यांच्या फाटकासमोर थांबेनाशी झाली. मग गल्लीत गटाराचा नवा पाईप टाकायला खंदक सुरू झाला, आणि तो नेमका त्यांच्या मागच्या भिंतीला घासून. खोल, उभा, बाजूंना फळ्यांचा आधार नाही की टेकू नाही. खोदता खोदता पाण्याची नळी फुटली आणि खंदकात झरा वाहू लागला.

ते मुकादमाकडे गेले. मुकादम म्हणाला, "काका, ते पाणीवाल्यांचं काम. आम्ही गटारवाले."

पाणीवाल्यांकडे गेले. ते म्हणाले, "फोडली कुणी? गटारवाल्यांनी. मग त्यांनी कळवायला नको?"

"मी कळवतोय ना!"

"तुम्ही नागरिक," खिडकीतला माणूस म्हणाला. "खात्याने खात्याला कळवायचं असतं."

ते घरी येऊन तासभर बोलत होते. ऐकायला शिवणयंत्र होतं.

पाणी मुरत राहिलं. मग एके दिवशी अक्काच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली तिरकी, एक भेग उमटली.

पालिकेची इंजिनिअर बाई खंदक बघायला आली होती. तरुण होती, बुटांना चिखल, हेल्मेट काखेत. बायकोनेच तिला दारातून हाक मारली आणि आत नेलं. बाईने भेगेवर तळवा ठेवला, खिडकीतून खाली वाकून पाहिलं आणि वळून म्हणाली, "काका, ही खोली रिकामी करा. आजच."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगतेय."

"तुम्हाला सांगायला कोणी सांगितलं, ते विचारतोय."

बाईला कळायला एक क्षण लागला. कळल्यावर तिचा चेहरा लाल झाला. "काका, खालची माती भिजलीय आणि खंदकाला आधार नाही. मी ठेकेदाराला काम थांबवून आधी फळ्या लावायला सांगितलंय, पण तो ऐकेल तेव्हा ऐकेल. ती भिंत तोवर थांबेलच असं नाही."

"अस्सं. म्हणजे आम्ही बाहेर पडायचं, तुम्ही धोकादायक म्हणून शिक्का मारायचा, मग पाडायचं, आणि गल्ली आपोआप रुंद! हा डाव तुमच्या भाऊंना म्हणावं माझ्यापुढे नको."

"अहो," बायको मध्ये पडली, "घर कुठे सोडायचंय? नुसतं अक्कांना पुढच्या खोलीत आणू."

"पलंग हलला की खोली सोडली. खोली सोडली की मान्य केलं."

पलंगावरून अक्का म्हणाली, "पोरगी शिकलेली आहे, बाळ्या. ऐक तिचं. आमच्या सरकारने मुलींना शिकवलं म्हणून अशा..."

तिथेच घोडं अडलं. अक्काने सरकारचं नाव काढलं नसतं तर कदाचित ते विरघळले असते. आता तो प्रश्न भिंतीचा राहिला नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवतो. भिंत हलत असेल तर काच फुटेल. काचेला पक्ष नसतो."

"लावा," बाई म्हणाली. "पण फुटली तर लगेच मला फोन करायचा. वाद घालत बसायचं नाही. शब्द द्या."

त्यांनी शब्द दिला. बाईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपला नंबर लिहिला. त्यांनी जुन्या फोटोफ्रेमची काच कापली, दोन टोकांना सिमेंट लावून भेगेवर बसवली आणि हात झटकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का अजून झोपेत होती. ते पाय न वाजवता आत गेले आणि काचेपुढे उभे राहिले.

काच मधोमध फुटली होती. सरळ, स्वच्छ, वरपासून खालपर्यंत. अशी रेघ त्यांनी आयुष्यात इतक्यांदा पाहिली होती की ती का पडली हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. धक्क्याने फुटलेल्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटतात. ही ओढली जाऊन तुटली होती.

पलंगावर अक्काचं तोंड उघडं होतं, श्वास मंद चालला होता, आणि तिची उशी भिंतीपासून हातभरावर होती.

कॅलेंडर समोर होतं. फोन खिशात होता. पण संध्याकाळी वॉर्डाची सभा होती. नगरसेवक येणार होता. फुटलेली नळी, कचऱ्याची गाडी, उघडा खंदक, सगळ्याचा हिशोब आज चारचौघांत चुकता करायचा होता. चार दिवस भाषण घोटून तयार केलं होतं. आणि आज भरदिवसा पलंग बाहेर निघाला तर गल्ली बघणार. विरोधी पक्षाने खोली सोडली. भाऊ व्यासपीठावर उठून म्हणणार, पाहा, आमच्या बाईंनी सांगितलं ते शेवटी पटलंच.

काल रात्री गल्लीतून रोलर गेला होता, त्यांना आठवलं. हादऱ्याने फुटली असेल. फाटे नसले म्हणून काय झालं?

उद्या बघू. एक दिवसाने काय बिघडतंय?

त्यांनी काचेचे तुकडे खरवडून काढले आणि तिथे नवी पट्टी बसवली.

"काच कशी आहे?" चहा देताना बायकोने विचारलं.

"आहे की," ते म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

दुपारी बायको शिवलेले गणवेश द्यायला बाहेर गेली. ते पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत भाषण म्हणत होते. "सभापती महोदय, ज्या पालिकेला एक नळी जोडता येत नाही..." तेवढ्यात मागून आवाज आला. मोठा नव्हता. जाड कापड टराटरा फाडावं तसा.

"बाळ्या!"

ते धावले. अक्काच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यांनी ढकललं, दार हललं नाही. खांदा लावला, तरी नाही. वर पाहिलं तर चौकट एका बाजूला दबली होती आणि दार तिच्यात पाचरीसारखं रुतलं होतं.

"अक्का, काय झालं?"

"भिंतीतून माती पडतेय रे. भेग उघडलीय. खिडकीबाहेरचा उजेड दिसतोय तिच्यातून." तिचा आवाज बारीक झाला होता. तसा तो त्यांनी कधी ऐकला नव्हता. "मी उतरते पलंगावरून."

"हलू नकोस! जागची हलू नकोस!"

खिडकीला लोखंडी गज होते. गज त्यांनी स्वतःच बसवले होते, पालिकेवर विश्वास नको म्हणून. ते घरातून पळत बाहेर आले आणि खंदकाच्या कडेला उभे राहून ओरडले. आत माणसं काम करत होती. "वर या! सगळे वर या! भिंत जातेय!"

एकाने मान वर करून मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाच्या तोंडावर हसू होतं. "काका, सभा संध्याकाळी आहे ना?"

"अरे, माझी बहीण आत अडकलीय!" त्यांचा आवाज फाटला. "पाया पडतो तुझ्या."

ते ऐकल्यावर मुकादमाचं हसू गेलं. त्याने भिंतीकडे पाहिलं, मग त्याने ज्या शिव्या घातल्या त्यांनी माणसं माकडांसारखी वर आली. तो पहार घेऊन घरात धावला. ते मागून, कॅलेंडरवरचा नंबर आठवत धावले. कॅलेंडर अक्काच्याच खोलीत होतं. मुकादमाने चालता चालता आपला फोन त्यांच्या हातात कोंबला. "बाईंचा नंबर आहे त्यात. लावा."

बाई पलीकडच्याच रस्त्यावर होती. तिने एकच विचारलं, "दाराला हात लावलाय का?"

"मुकादम पहार घालतोय."

"थांबवा त्याला! वरचं वजन आता त्या चौकटीवर आलं असेल. चौकट निघाली की छत खाली. मी आलेच."

मुकादमाने पहार खाली टाकली. बाई येईपर्यंत काहीही करण्यासारखं नव्हतं, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं. माणसं लोखंडी टेकू आणायला पळाली. ते दाराला कान लावून उभे राहिले. आतून खडे पडल्याचा आवाज येत होता, टपटप, मध्येच थांबत, पुन्हा.

"बाळ्या, आहेस का?"

"आहे."

"बोल काहीतरी."

तोंड उघडलं, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही सुचेना. भिंत हलतेय हे सकाळीच कळलं होतं, एवढंच एक वाक्य डोक्यात फिरत होतं, आणि ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

"भांड ना रे," आतून अक्का रडवेल्या आवाजात म्हणाली. "सांग, तुझ्या लोकांनी काय दिवे लावले ते सांग."

मग ते सुरू झाले. दाराला कपाळ टेकून, मोठ्याने, शाळा, दवाखाने, धरणं, रस्ते, जे आठवेल ते. आतून अक्का म्हणे, "खोटं!" ते म्हणत, "काय खोटं? आकडे आहेत!" "आकडे तुझ्या घरचे!" त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते धरणांवर भांडत होते. टेकू घेऊन आलेली माणसं हे बघत दारात थबकली.

बाई हेल्मेट न काढताच आत आली. तिने चौकटीला दोन्ही बाजूंनी टेकू लावून घेतले, पेच आवळून घेतले, हाताने दाबून पाहिले. मग मुकादमाला म्हणाली, "चौकटीला हात लावायचा नाही. फक्त दाराची खालची फळी कापायची. हळू." करवत चालू झाली. भुसा उडाला. फळी निघाली तेव्हा भोक जेमतेम माणसाएवढं होतं, आणि पलीकडे, धुळीत, अक्काचा पांढरा झालेला चेहरा. ऐकलं नव्हतंच तिने. पलंगावरून उतरून ती कोपराने सरकत दारापर्यंत आली होती.

बाईनेच चादर आत सरकवली. "आजी, यावर आडव्या व्हा. दुखेल. ओरडा खुशाल." अक्का ओरडली. चादर ओढत ओढत त्यांनी तिला बाहेर घेतलं, मधली खोली, पुढची खोली, अंगण. बाई सगळ्यांत शेवटी बाहेर पडली.

अक्काला रस्त्यावर खुर्चीत बसवतात न बसवतात तोच भिंत गेली. बाहेरच्या बाजूला, खंदकात, एखादा दमलेला माणूस मटकन बसावा तशी.

बायको परत आली तेव्हा गल्लीत गर्दी होती आणि तिचं घर मागून उघडं पडलं होतं. अक्काचा पलंग, औषधाच्या बाटल्या, दोरीवरचं लुगडं, सगळं रस्त्यावरच्या कुणालाही दिसत होतं. तिने आधी अक्काच्या अंगावरून हात फिरवला, मग दोरीवरचं लुगडं काढून आणायला निघाली. तिला धरून थांबवावं लागलं.

ते तिघं दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत गेले. चौकशी लागली. चौकशीच्या आदल्या दिवशी नगरसेवक स्वतः आला, एकटा, जोडे दाराबाहेर काढून. अक्का आतल्या खोलीत झोपली होती.

"काका, झालं ते वाईट झालं," तो म्हणाला. "राजकारण बाजूला ठेवू. चौकशीत कुणाच्या तरी गळ्यात येणारच. ती बाई म्हणते, मी तोंडी सांगितलं होतं. लेखी काही नाही तिच्याकडे. तुम्ही एवढंच म्हणायचं, आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. पालिकेची चूक ठरेल. घर आम्ही उभं करून देऊ, होतं त्याहून चांगलं. गल्लीचा विषयही संपला असं समजा."

"आणि ठेकेदार?"

"त्याचं बघू ना." तो हसला. या वेळी डोळेही हसले.

तो गेल्यावर ते बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. वर्षानुवर्षं त्यांना एकच हवं होतं. पालिकेने सगळ्यांसमोर म्हणावं, आम्ही चुकलो. आता ते ताटात वाढून आलं होतं.

बायको दारात येऊन उभी राहिली. "ती सांगत होती तेव्हा मी तिथेच होते," ती म्हणाली. "मला विचारलं तर मी काय सांगू?"

"तुला कोण विचारणार?"

शब्द गेले आणि त्यांना ते ऐकू आले. "खरंय," ती म्हणाली. "मला कोण विचारणार."

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. तीन अधिकारी, कडेला नगरसेवक, समोर इंजिनिअर बाई. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. मागच्या खुर्च्यांवर बायको होती.

"खोली रिकामी करा अशी सूचना तुम्हाला मिळाली होती का?"

नगरसेवक खिडकीबाहेर बघत होता.

"मिळाली होती," ते म्हणाले. "बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." पुढचं बोलायचं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. पण एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. "काच लावली होती. ती सकाळीच फुटली होती. मी पाहिली, आणि नवी लावली. कुणाला सांगितलं नाही."

मागे खुर्ची करकरली. वळून बघायची त्यांची छाती झाली नाही.

"म्हणजे चूक तुमची आहे," मधला अधिकारी म्हणाला आणि लिहायला लागला.

"थांबा. माझी चूक माझी. खंदकाला फळ्या नव्हत्या, फुटलेली नळी महिनाभर वाहत होती, बाईंनी काम थांबवायला सांगितलं ते ठेकेदाराने ऐकलं नाही. ती तुमची. माझ्या चुकीत तुमची बुडवू नका साहेब."

बाईने तेव्हा मान वर केली.

तिची नोकरी वाचली. पण तिला जन्ममृत्यूच्या दाखल्यांच्या खात्यात बसवलं. ठेकेदाराचं काम बंद झालं आणि ते त्याच्या मेव्हण्याच्या नावाने चालू झालं. भरपाईचा अर्ज अडकला, घरमालकाचा निष्काळजीपणा म्हणून. सगळं त्यांनी आयुष्यभर सांगितलं तसंच झालं होतं, आणि हे कुणाला ऐकवायला ते आता तयार नव्हते.

अक्काला कळलं तेव्हा तिने त्यांना समोर बसवलं. "माझ्या उशाशी ती भिंत ठेवून तू भाषण पाठ करत होतास?" ती एवढंच म्हणाली. पेपर आला की ती आता गप्प राहायची. त्या शांततेने ते हैराण झाले. चार दिवसांनी अर्थमंत्र्यांबद्दल तिने एक पुडी सोडली, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि मग येऊन तिच्याशी कडाकडा भांडले.

बायको बोलत नव्हती. जेवायला वाढायची, औषधं द्यायची, यंत्रावर बसायची. एक दिवस दोरा तोडता तोडता, मान वर न करता म्हणाली, "घराच्या अर्जासाठी उद्यापासून मी जाणार कचेरीत."

"तुला ते लोक दाद देणार नाहीत. तिथे कसं बोलायचं..."

"घर माझंही आहे."

त्यांनी अर्जाच्या कागदांची पिशवी तिच्या यंत्राशेजारी आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते तिच्याबरोबर गेले. पिशवी त्यांच्या हातात होती. ती खिडकीशी उभी राहिली, ते बाकावर बसले. खिडकीतल्या माणसाने साहेब नाहीत म्हणून सांगितलं. ते उठले.

"बसा तुम्ही," ती मागे न बघता म्हणाली.

ते बसले. ती त्या माणसाला विचारत होती, साहेब कधी येतील. तो म्हणाला, सांगता येत नाही. मग कोण सांगू शकेल, तिने विचारलं. तो काहीतरी पुटपुटला. तिने आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही, फक्त तोच प्रश्न पुन्हा विचारला. मागे रांग वाढत होती. त्यांच्या जिभेच्या टोकावर या माणसासाठी एक जळजळीत वाक्य आलं होतं, चांगलं होतं, लोक हसले असते. त्यांनी ते गिळलं आणि पिशवी मांडीवर घेऊन ती काय बोलते ते ऐकत राहिले.